मोठा प्रोसेसर की पुरेसा प्रोसेसर?

आमच्या घरात टेबलाखालच्या लोखंडी पेटीला सगळेच 'सीपीयू' म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा त्या पेटीच्या पोटात पंख्याखाली दडलेला बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा असतो, हे आम्हाला पन्नाशी उलटल्यावर कळले. तेही भांडणातून कळले. त्या एका तुकड्यापायी आमच्या घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. ती हकिकत वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत, कारण आपल्या वस्त्यांतली मुलेमुली आता या क्षेत्रात उतरू लागली आहेत. उद्या हाच प्रश्न तुमच्याही दारी येणार आहे.

2024 चा वर्षावास चालू होता. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होत असे. त्याच दिवसांत आमच्या थोरलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना पहिले काम मिळाले. संगणकावरचा एक खेळ तयार करायचा, काम घरून करायचे आणि मुदत पाळायची. क्लासमधला संगणक आता मिळणार नव्हता. स्वतःचा संगणक नसेल तर काम दुसऱ्याच्या हाती जाणार, हे उघड होते. आम्ही दोघांनी भिशीचे पैसे उचलले, थोडे पतपेढीतून काढले आणि एक लाख रुपये उभे केले. आमच्यासारख्या घरात एक लाख म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो. एका दुकानदाराने कागदावर झरझर आकडे मांडले. प्रोसेसर रायझन 9 7950 एक्स, 16 कोरचा. एकूण रकमेतले निम्मे पैसे त्या एकाच तुकड्यात गेले. उरलेल्या निम्म्यात बाकीचे सगळे, म्हणून रॅम 16 जीबी आणि ग्राफिक्स कार्ड अगदी साधे. यूपीएसला जागाच नव्हती. दुकानदार म्हणाला, "काका, पोरीच्या भविष्याचा प्रश्न आहे. इथं हात आखडू नका."

खरे सांगायचे तर आम्हाला ते पटले होते. आम्ही दुसऱ्यांनी वापरून टाकलेली पुस्तके आणि गाइडे घेऊन शिकलो. पहिले पान फाटलेले, कडेला दुसऱ्याचे नाव लिहिलेले. म्हणून मनाशी पक्के होते, की आपल्या लेकीला जे द्यायचे ते सर्वांत वरचे द्यायचे. पण थोरलीनेच मान हलवली. "बाबा, हा नको. आधी मी मोजून बघते," म्हणाली. आम्ही भर दुकानात रागावलो. आपण देतो आहोत आणि ही नाकारते आहे, असे वाटले. घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी नात्यातल्या एका मुलाने निराळेच नाव सांगितले, शेजारच्या दादाने तिसरेच. आम्ही सगळ्यांचे ऐकत होतो, तिचे मात्र ऐकत नव्हतो. रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, बाबा, विहारात आपण कालामसुत्त ऐकतो. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असंच त्यात आहे ना? मग बाजारात गेल्यावर ते का विसरायचं?" यावर आम्हाला उत्तर नव्हते. आमच्यातल्या एकाने उभी हयात फिटरचे काम केले. माप घेतल्याशिवाय लोखंडाला कधी करवत लावली नाही. इथे मात्र माप न घेताच लाख रुपये कापायला निघालो होतो.

रविवारी ती आम्हाला क्लासमध्ये घेऊन गेली. तिथे दोन संगणक होते, एक 6 कोरचा आणि सरांच्या टेबलावरचा 16 कोरचा. खेळ बांधण्यासाठी ती अनरियल इंजिन हे सॉफ्टवेअर वापरते. तिने दोन्हींवर तोच प्रकल्प उघडला आणि शेजारी विंडोजचे टास्क मॅनेजर लावून ठेवले. त्यात प्रत्येक कामगाराचा एक चौकोन दिसतो. संपूर्ण प्रकल्प पहिल्यापासून बांधायला घेतला, तेव्हा सगळे चौकोन काठोकाठ भरले आणि 16 कोरचा संगणक स्पष्टपणे पुढे गेला. मग तिने चार ओळी बदलून पुन्हा बांधणी केली. रोज दिवसातून वीस-पंचवीस वेळा करावे लागते ते हे काम. आता एखाददुसरा चौकोन वर गेला आणि बाकीचे रिकामे बसून राहिले. दोन्ही संगणकांतला फरक घड्याळात जेमतेम दिसत होता.

असे का होते? थोरलीने आम्हाला 14 एप्रिलच्या भोजनदानाचे उदाहरण दिले. भाजी चिरायला चार बायका असोत की चाळीस, जितके हात जास्त तितकी भाजी लवकर चिरून होते. पण भाताचे पातेले एकच असेल तर भात आपल्याच वेळेने शिजतो. तिथे चाळीस बायका उभ्या राहिल्या म्हणून तो लवकर होत नाही. खेळाच्या कोडची शेकडो पाने म्हणजे भाजी. ती कोरांमध्ये वाटून देता येतात. शेडर, म्हणजे पडद्यावरचा रंग-प्रकाश ठरवणारे हजारो छोटे प्रोग्रॅम, हीही भाजीच. पण शेवटी सगळे तुकडे जोडून एक प्रोग्रॅम बनवायचा, तो बराचसा भातासारखा. खेळ चालवून पाहतानाही मुख्य काम एकदोन धाग्यांवरच पडते. तिथे कोरांची संख्या कामी येत नाही, एका कोराचा वेग कामी येतो.

जीन अ‍ॅम्डाल या संगणकतज्ज्ञाने 1967 सालीच ही गोष्ट मांडली आहे. समजा, कामाचा चौथा हिस्सा वाटता येत नाही. मग 8 कोरांनी काम साधारण 2.9 पट लवकर होईल आणि 16 कोरांनी 3.4 पट. कोर दुप्पट झाले, फायदा मात्र थोडाच वाढला. हजार कोर लावले तरी चौपटीच्या पलीकडे जाता येणार नाही. आम्ही हा हिशेब कागदावर स्वतः करून पाहिला, तेव्हा डोक्यातला राग थोडा उतरला.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट दिसली. 6 कोरच्या संगणकात रॅम 16 जीबी होती. प्रकल्प, चित्रे काढायचे ब्लेंडर आणि ब्राउझर एकाच वेळी उघडले, तशी ती भरून गेली. रॅम संपली की विंडोज डिस्कवर सामान टाकू-काढू लागते आणि मग प्रोसेसर हात बांधून वाट बघत बसतो. कोर जितके जास्त, तितकी कामे एकदम चालतात आणि प्रत्येक कामाला आपली आपली रॅम लागते. म्हणजे दुकानदाराच्या कागदावरचे 16 कोर 16 जीबी रॅमपुढे उपाशीच राहिले असते.

नात्यातल्या मुलाने सांगितला होता तो रायझन 7 7800 एक्स थ्री डी. त्यात 96 एमबीची मोठी तिसरी कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशीच असलेली छोटी कोठी आहे. खेळ खेळण्यासाठी तो उत्तमच. पण कोर 8 च आणि कमाल वेग त्या घराण्यातल्या साध्या भावंडांपेक्षा थोडा कमी. कोड बांधताना त्या कोठीचा तसा उपयोग होत नाही. खेळ खेळणे वेगळे आणि खेळ घडवणे वेगळे, हा भेद बाजारात कोणी सांगत नाही.

शेजारच्या दादाने इंटेलचा सुचवला होता. त्याच 2024 साली इंटेलने जाहीर केले होते, की डेस्कटॉपच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीतले काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होतात. कंपनीने त्यावर दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गंमत अशी, की असा प्रोसेसर बिघडला की अनरियलवर बनलेले काही खेळ पडद्यावर 'ग्राफिक्सची मेमरी संपली' असा निरोप दाखवून बंद पडत. दुखणे एकाचे, नाव दुसऱ्याचे. इंटेलचे सगळेच प्रोसेसर वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण मुदतीचे काम हाती असताना ती जोखीम आम्हाला नको होती.

मग उष्णतेचा विचार. आमच्या खोलीवर पत्रा आहे. 7950 एक्स पूर्ण भार पडला की 230 वॉटपर्यंत वीज ओढू शकतो. रायझन 7 7700 ला ती मर्यादा 88 वॉटची आहे. मे महिन्यात त्या पत्र्याखाली कोण बसणार, तर आमची मुलगीच.

शेवटी रायझन 7 7700 घेतला. 8 कोर, 16 धागे, पंखा सोबतच मिळतो. वाचलेल्या पैशांत 32 जीबी रॅम आली, तीही दोन पट्ट्यांत, म्हणजे दोन जागा पुढे वाढवायला मोकळ्या. 1 टीबीची एसएसडी, बरे ग्राफिक्स कार्ड आणि यूपीएस आले. मदरबोर्डचा सॉकेट एएम 5 आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये आलेले 9000 मालिकेचे प्रोसेसरही त्याच सॉकेटमध्ये बसतात. पुढे कामाचे पैसे आले आणि खरोखरच जास्त कोर लागले, तर फक्त तो चौकोनी तुकडा बदलायचा. आज जे लागत नाही त्याचे कर्ज आज कशाला?

सगळे गोडच झाले असे नाही. संपूर्ण प्रकल्प पहिल्यापासून बांधायचा म्हटले की आजही थांबावे लागते. मुदतीच्या आदल्या रात्री दोनदा तशी वेळ आली, तेव्हा 16 कोर असते तर बरे झाले असते, असे तिनेच कबूल केले. पण त्याच रात्री वस्तीतली वीज गेली. यूपीएसने तिला काम जतन करून संगणक बंद करण्याइतका वेळ दिला. काम मुदतीत गेले. पहिल्या मानधनातून तिने पतपेढीचे दोन हप्ते भरले.

आम्हाला मात्र निराळाच धडा मिळाला. सर्वांत महाग ते द्यायचे, यात लेकीवरची माया होतीच, पण आमच्या जुन्या फाटक्या पुस्तकांची सलही होती. ती सल भरून काढण्याचे ओझे तिच्या संगणकावर टाकायचे कारण नव्हते. तिला वरचे काही नको होते. आपण मोजलेले घरच्यांनी मानावे, एवढेच हवे होते.

ज्या घरांत असा प्रश्न येईल, त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी मुलांना चार गोष्टी विचाराव्यात. तू कोणते सॉफ्टवेअर वापरणार? त्यात रोजचे थांबणे कुठे होते? त्या वेळी कोर भरलेले असतात, की रॅम? आणि हा बोर्ड पुढे वाढवता येईल का? गोडो हे खेळ बनवण्याचे सॉफ्टवेअर तर फुकट मिळते आणि साध्या संगणकावरही चालते. नुकत्या शिकणाऱ्या मुलासाठी कर्ज काढायची गरज नाही. जवळच्या क्लासमध्ये किंवा ओळखीच्याकडे अर्धा दिवस बसून हे तपासता येते.

आणि मुलगी दुकानात "मोजून बघते" म्हणाली, तर आमच्यासारखे रागावू नका. तिच्याबरोबर बसा आणि आकडे लिहून घ्या.

जयभीम!