पाठीमागचा आकडा

शनिवारी संध्याकाळी विरारला डहाणू लोकलमध्ये काचेची तसबीर घेऊन चढलात तर एक गोष्ट नक्की होते. लोक जागा देतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली चौकट छातीशी धरलेला माणूस दिसला की त्याच्या घरात काहीतरी घडलंय हे सगळे समजून जातात. मागे एकदा केळवे रोडच्या आधी एका काकांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "कोण, वडील का?"

"नाही हो, सरस्वती."

काका आणखीच गंभीर झाले.

तर मंडळी, आपला छंद हा असा. पाच दिवस दुसऱ्यांचे बग निस्तरायचे आणि शनिवारी ग्रँट रोडला उतरून चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या तसबिरी हुंगत फिरायचं. बोईसरच्या फ्लॅटमध्ये आता अशा अकरा आहेत. आईच्या मते हे घर नसून फोटोफ्रेमवाल्याचं गोदाम आहे.

याची सुरुवात मात्र चोरबाजारात झाली नाही. आमचं मूळ घर माहीमचं (मुंबईचं नव्हे, केळव्याजवळचं). ओटीवर छताच्या खाली, थोड्या पुढे झुकलेल्या तसबिरींची रांग होती. त्यातल्या लक्ष्मीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या होत्या. 1999 साली कौलं उतरवून स्लॅब टाकायचा ठरला. मी तेव्हा इंजिनीअरिंगला, म्हणजे घरातला सर्वात आधुनिक विचारांचा माणूस. ही सगळी रांग मीच भंगारवाल्याच्या हातगाडीवर नेऊन घातली. त्याने सागवानी चौकटी काढल्या, काचा वेगळ्या रचल्या आणि चित्रं तिथेच अंगणात टाकून निघून गेला. कागदाला भाव नव्हता. रात्री पाऊस झाला. आजी काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

ती चित्रं काय होती हे दहा वर्षांनी कळलं. राजा रविवर्म्याने 1894 साली गिरगावात छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन. चित्र दगडावर उतरवायचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकामागून एक ठसे घ्यायचे. एखादा दगड केसभर सरकला तर देवीचे ओठ गालावर जायचे. वरून वॉर्निश, की झालं तैलचित्रासारखं. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला आणि 1972 साली आगीत जळाला. पण तोवर ज्यांना आयुष्यात तैलचित्र परवडलं नसतं अशांच्या घराघरांत लक्ष्मी-सरस्वती पोचल्या होत्या. आमच्या ओटीवर आल्या त्या अशाच.

खरं-खोटं ओळखायचं तर खिशात भिंग हवं. आजकालच्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ठरावीक अंतरावर, शिस्तीत उभे असतात. दगडावरच्या छपाईत ठिपके हाताने टाकलेले, म्हणून वेडेवाकडे. जुनी चौकट, चहाच्या पाण्याने पिवळा केलेला कागद आणि आत गेल्या वर्षीचा ऑफसेट, हा माल भरपूर मिळतो. सोबतीला एक फुकट सल्ला: आपल्या किनाऱ्यावर राहत असाल तर चित्राला काच टेकू देऊ नका. मधे जाड पुठ्ठ्याचा माउंट घाला, नाहीतर एका पावसाळ्यात वॉर्निश काचेला चिकटतं आणि मग काच काढताना देवीचं नाकही येतं. (हो, आलं. कोणाचं ते सांगत नाही.)

इथवर ठीक होतं. छापील तसबिरींच्या हजारो प्रती निघाल्या, त्यातली एक मी घेतली तर कोणाचं काय गेलं! घोटाळा झाला तो पोथीच्या पानांपाशी.

पहिलं पान घेतलं ते राजा-राणीचं. मागे ओळीच ओळी मोडी. मोठ्या हौसेने पालघरच्या एका निवृत्त गुरुजींकडे घेऊन गेलो. त्यांना मोडी येतं. चष्मा वर करून त्यांनी पान डोळ्यांशी धरलं आणि हसायलाच लागले. "अरे, हा तर बैलांचा हिशोब आहे. राणीच्या डोक्यावर चार आणे बाकी आहेत!" जुन्या कागदावर नवं चित्र रंगवून विकायचा हा धंदा चांगलाच रुळलेला आहे. मीही हसलो. मग गुरुजी म्हणाले, "चित्र खोटं आहे, पण हिशोब खरा होता रे." आणि ते पान त्यांनी माझ्याकडे परत सरकवलं.

दुसरं पान खरं निघालं. कृष्ण, अर्जुन, चार घोडे, आणि घोड्यांचे डोळे माणसांसारखे. अक्षर टपोरं, समासाच्या रेघा हिंगुळाच्या. एका ठिकाणी चुकलेल्या अक्षरावर पिवळा लेप देऊन वर दुसरं लिहिलेलं. हा लेप हरताळाचा. आपण कशावर तरी 'हरताळ फासतो' तो मूळचा लेखनिकांचा, चूक झाकायचा. हे कळलं तेव्हा मी दोन दिवस ऑफिसात भेटेल त्याला सांगत होतो. पान फ्रेममध्येच होतं. घरी आणून टांगलं, जुलैत आत बाष्प दिसलं म्हणून मागचा प्लाय उघडला. पोथीत पानाचा क्रमांक मागच्या बाजूला असतो. डाव्या समासात 'पां.प्र.', म्हणजे पांडवप्रताप, आणि उजवीकडे आकडा: 38.

इतके महिने मी ज्याला चित्र म्हणत होतो ते एका गोष्टीचं अडतिसावं पान होतं. खाली शेवटची ओवी अर्धीच. आमच्या भाषेत सांगायचं तर पुढचा पॉइंटर नल.

पुढच्या शनिवारी दुकानात गेलो. "चाचा, बाकीची पोथी?"

"गई साब. पूरी किताब कौन लेता है? दीवार पे एक ही लगता है."

यात चाचांनी काही नवा शोध लावलेला नाही. ऑनसाईटच्या निमित्ताने मी क्लीव्हलंडला काही महिने होतो. तिथे ऑटो एगे नावाचे एक प्राध्यापक होऊन गेले, 1951 साली वारले. युरोपातल्या मध्ययुगीन, सोन्याचा वर्ख लावलेल्या हस्तलिखितांची पानं सुटी करून ते विकत. पन्नास पोथ्यांचं एकेक पान घालून त्यांनी खोके बनवले. सामान्य माणसालाही असं पान घरी ठेवता यावं, असं त्यांचं म्हणणं. 1942 साली फोडलेल्या बोव्हे गावच्या एका प्रार्थना-पोथीची पानं अभ्यासक आजही जगभर शोधताहेत. शंभराहून जास्त सापडली आहेत. त्यांची पोथी निदान शिवलेली असते, फोडायला सुरी लागते. आपली मुळातच सुटी. रुमालाची गाठ सोडली की झालं!

कायदा आहे. 1972 च्या कायद्याने 75 वर्षांहून जुनं, मोलाचं हस्तलिखित हा पुरावशेष ठरतो, त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. पण माझ्या भिंतीवर न्यायला कोण अडवणार?

आणि नेमका गेल्या दिवाळीत माहीमहून काकांचा फोन आला. घराची वाटणी झाली होती, भांडीकुंडी झाली, आता देव्हाऱ्यातली पणजोबांची पोथी उरली होती. लाल रुमालातली, लाकडी पाट्यांमध्ये बांधलेली शिवलीलामृताची. तिच्यात सहा चित्रं. आणि आम्ही चुलत भावंडं सहा! दादाने तोडगा काढला होता. प्रत्येकाला एकेक पान, छान फ्रेम करून. फ्रेमचं बघायला माझ्याइतका लायक माणूस कोण?

मी गेलो. ओटीवर बसून एगेपासून हरताळापर्यंत सगळं ऐकवलं, पोथी फोडू नका म्हणालो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दादा म्हणाला, "तुझ्या बोईसरच्या हॉलमध्ये लावलंय ते काय आहे मग?"

उत्तर नव्हतं. ती हातगाडी कोणी भरली होती तेही सगळ्यांना आठवत होतं, फक्त कोणी बोललं नाही. शेवटी आत्या मधे पडली. म्हणाली, श्रावणात वाचायला पोथी लागते, भिंतीवरची पानं उतरवून वाचायची का? ज्याच्याकडे श्रावणातलं वाचन, त्याच्याकडे वर्षभर पोथी. दादाने तोंड वाकडं केलं, पण कबूल झाला. मी चित्रांचे फोटो काढून सहा जणांना सहा-सहा प्रिंट दिले. ऑफसेट नाही, पण भिंगाखाली ठिपके दिसतातच.

बोईसरला परत आल्यावर 38 उतरवलं. भिंतीवर तेवढाच चौकोन जरा उजळ आहे. चाचांना सांगून ठेवलं की त्याच पोथीची पानं आली तर मला कळवा, चित्र नसलं तरी चालेल. आतापर्यंत 41 आणि 52 मिळाली आहेत, 52 नुसत्या अक्षरांचं. तिन्ही एका सुती रुमालात बांधून कपाटात ठेवली आहेत. घोळ एवढाच की माझं असं अडकलेलं गिऱ्हाईक आहे हे चाचांच्या आता लक्षात आलंय. परवा 39 चा फोन आला. किंमत 38 च्या दुप्पट सांगताहेत. शनिवारी जाऊन घासाघीस करून बघतो.