हळद लाल का होते?

फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंगोलीहून एस.टी.ने गोरेगावला निघालात, तर शिजत्या हळदीचा वास वाटेतच तुमचे स्वागत करतो. गोरेगाव सेनगाव तालुक्यातले. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा हिंगोली जिल्हा हळदीचा म्हणूनच ओळखला जातो. वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

कंद काढले की ते शिजवायचे, दोनेक आठवडे उन्हात वाळवायचे आणि मग ड्रममध्ये फिरवून चकचकीत करायचे. हे सारे करणाऱ्या बायकांची नखे, पदर, परकर पिवळे झालेले. अशा पदराला साबण लावला की डाग एकदम तांबडा होतो! तिथल्या एका आजींना विचारले, तर हसून म्हणाल्या, "अवं बाई, घाबरायचं काय त्यात? लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होतो बघा."

आजींनी सांगितले ते म्हणजे शाळेतला आम्ल आणि अल्कलीचा धडाच की! हळदीतला रंग म्हणजे कर्क्युमिन. लिंबू, चिंच, ताक या आंबट वस्तूंत आम्ल असते. त्यात तो पिवळाच राहतो. साबण, धुण्याचा सोडा, चुना हे अल्कली. त्यात तो तांबडा होतो. हळदीत चुन्याची निवळी कालवली की कुंकवासारखा रंग येतो, तो यामुळेच.

मैत्रिणींनो, मुलांना हे घरीच दाखवा. टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा, त्याच्या पट्ट्या कापा. एकीवर साबणाचे पाणी टाका, मग त्याच जागी लिंबाचा रस. पट्टी लाल होऊन पुन्हा पिवळी झाली, म्हणजे आम्लाने अल्कलीला मारले. दोघे एकत्र आले की एकमेकांचा जोर संपतो, आणि क्षार व पाणी तयार होते. ढोकळ्याच्या आंबट पिठात खाण्याचा सोडा घातला की फसफसते तेही हेच. त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून ढोकळा फुलतो.

डाग काढायचा असेल, तर तो साबणाने धुऊन कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही.

पण "एकाने दुसऱ्याला मारायचे" हा हिशेब अंगावर करू नका. पानाचा चुना बहुतेक घरांत असतो, आणि त्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांच्या डोळ्यांत चुना उडतो. चुना डोळा जाळतो. अशा वेळी लिंबू किंवा व्हिनेगर मुळीच घालू नये, त्याने इजा वाढते. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार वीस मिनिटे तरी सोडा, चुन्याचे कण राहिले असतील तर तेही धुऊन काढा, आणि लगेच दवाखाना गाठा. डोळा चोळू देऊ नका.

तसेच न्हाणीघर धुताना अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो.

म्हणून आजच चुन्याची डबी मुलांच्या हाती लागणार नाही अशी वर ठेवा, आणि हळदीची पट्टी मात्र त्यांच्या हातात द्या.