‘थँकफुली’च्या पुढचं वाक्य

बनारसचा सामनेघाट आणि पलीकडचं रामनगर यांच्यामध्ये पक्का पूल झाला तो 2017 साली. त्याआधी गंगेवर पीपांचा पूल असायचा. मोठमोठी लोखंडी पीपं ओळीनं बांधून वर फळ्या टाकलेल्या. पावसाळ्याच्या तोंडावर तो सोडवून ठेवत आणि पूर ओसरला की पुन्हा जोडत. मधले महिने होडीचे, नाहीतर राजघाटच्या मालवीय पुलावरून लांबच्या वळशाचे. रामनगरात मुलांना इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या एका मराठी बाईंना इंग्रजीतल्या एका क्रियाविशेषणाचं अप्रूप वाटत आलं, त्यात या नदीचा वाटा मोठा आहे. तो शब्द ‘थँकफुली’.

बाईंचं माहेर दुर्गाघाटावरचं. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात मराठी घरं कित्येक पिढ्यांपासून आहेत. हिंदी पत्रकारितेत ज्यांचं नाव आदरानं घेतात ते ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर 1883 साली काशीतल्याच मराठी कुटुंबात जन्मले. अशा घरांत मराठी उंबऱ्याच्या आत, बनारसी बोली गल्लीत आणि हिंदी शाळेत. भरल्या पाण्यातून होडी सुखरूप लागली की आजी म्हणायची, ‘गंगामाईनं सांभाळलं.’ वडील ‘नशीब आपलं’ म्हणत. आई पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणायची, ‘बरं झालं बाई, दिवेलागणीच्या आत आलात.’

शाळेत रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण आलं. क्रियाविशेषण क्रिया कशी घडली ते सांगतं, हे पाठ झालं. ‘शी स्माइल्ड थँकफुली’, म्हणजे ती कृतज्ञतेनं हसली. पण इंग्रजी वर्तमानपत्रात ‘थँकफुली, द रेन स्टॉप्ड’ असं वाक्य दिसलं आणि त्या अडल्या. थांबताना पाऊस काही कृतज्ञ नव्हता. मग कृतज्ञ कोण? तर बोलणारा. वाक्याच्या सुरुवातीला बसून पुढे स्वल्पविराम घेतला की हा शब्द क्रियापदाला सोडतो आणि सगळ्या वाक्याबद्दल बोलणाऱ्याचं मन सांगतो.

‘फॉर्च्युनेटली’ आणि ‘लकिली’ हे काम फार पूर्वीपासून बिनबोभाट करत आले आहेत. ‘थँकफुली’ आणि ‘होपफुली’ यांचा असा वापर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावला, तेव्हा मात्र इंग्रजीच्या जाणकारांनी नाकं मुरडली. ‘होपफुली’वर तर दशकानुदशकं वाद झाला. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं आपल्या लेखननियमांत त्याला जागा दिली ती थेट 2012 साली. बाईंचा कौल पहिल्यापासून या वापराच्या बाजूनं होता. बोलणाऱ्याच्या जिवात जीव आला, हे वाक्याच्या तोंडालाच सांगता येत असेल तर भाषेनं ती सोय का नाकारावी?

तारेत मात्र ही सोय परवडायची नाही. तिथे शब्दागणिक पैसे. पुण्याला पोचलेला पाहुणा ‘रीच्ड सेफली’ एवढंच कळवायचा. जीव भांड्यात पडल्याचं पुढच्या पत्रात. जुलै 2013 मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. तोवर ईमेल आलेच होते, आणि परदेशातल्या भाच्यांच्या प्रत्येक ईमेलमध्ये दोन-तीन ‘थँकफुली’ सहज असायचे. फ्लाइट वेळेवर निघाली, थँकफुली. पार्किंग मिळालं, थँकफुली.

वर्गातली मुलंही तसंच करू लागली तेव्हा बाईंनी एक शिस्त घातली. हा शब्द लिहायचा तर भीती कसली होती ते आधी स्वतःला विचारायचं. ‘थँकफुली, आय एट लंच’ हे वाक्य त्या वहीत खोडायच्या. त्याच मुलानं डबा घरी विसरल्याचं आधी लिहिलं, तर तेच वाक्य राहू द्यायच्या. रामनगरची महिनाभर चालणारी रामलीला कोविडमुळे दोन वर्षं झाली नाही. 2022 साली ती परतली. तिथे आजही ध्वनिक्षेपक नसतो, विजेचे दिवे नसतात. ‘चुप रहो, सावधान’ अशी हाक आली की हजारो माणसं संवाद ऐकायला गप्प होतात. त्या वर्षी एका मुलीनं लिहिलं, ‘थँकफुली, द रामलीला इज बॅक.’ दोन सुनी वर्षं मागे असलेलं ते वाक्य बाईंनी फळ्यावर उतरवलं.

पण शिस्तीचा दुसरा भाग त्या आधीच्याच वर्षी शिकल्या. एप्रिल 2021. बनारसमध्ये ऑक्सिजनसाठी लोक रात्र-रात्र वणवणत होते. बाईंच्या थोरल्या दिरांचा श्वास कमी पडू लागला. मध्यरात्रीनंतर नातलगांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाईंनी कळवलं, ‘थँकफुली, वी गॉट अ सिलिंडर.’ पुण्याहून नणंदेचा लगेच प्रश्न आला: ‘वहिनी, कुणी दिला गं?’

दिला होता शेजारच्या मल्लाहाच्या मुलानं. कुठूनसा मिळवून, सायकलला बांधून, स्वतःच्या घरातही आजारी माणूस असताना. बाईंच्या वाक्यात तो कुठेच नव्हता. सिलिंडर जणू आपल्या पायांनी चालत आला होता. आजीच्या तोंडी निदान गंगामाई असायची. या शब्दात आभार होते, पण ज्याचे मानायचे तो माणूसच गळला होता. बाईंनी तेव्हाच दुसरा मेसेज लिहिला, त्या मुलाच्या नावानिशी, आणि सकाळी त्याच्या दारात जाऊन त्याच्या आईलाही तो वाचून दाखवला.

तेव्हापासून बाईंच्या वर्गात ‘थँकफुली’नं सुरू झालेल्या वाक्याला पुढचं वाक्य जोडावं लागतं: हे कुणामुळे घडलं? उत्तर कधी ‘ड्रायव्हर वेटेड फॉर अस’ असतं, कधी ‘माय सिस्टर फाउंड द की’. पाऊस थांबला असेल तर पुढचं वाक्य नसलं तरी चालतं.

आपल्या रोजच्या ईमेलांत आणि मेसेजांत हा शब्द आता रुळला आहे, आणि रुळावाच. फक्त तो लिहून झाल्यावर पाठवायचं बटण दाबण्याआधी क्षणभर थांबा, आणि कुणी माणूस कामी आला असेल तर त्याचं नाव पुढच्या वाक्यात घाला.