किड्यांचा वाडा

पुण्यात वाडा म्हटले की आधी शनिवारवाडा आठवतो. आमच्या शाळेच्या परसबागेतला वाडा मात्र जेमतेम चार फूट उंच आहे आणि त्यात पेशव्यांऐवजी किडे राहतात. पालकसभेला आलेली मंडळी त्याच्यासमोर थांबतात आणि "हे काय, कबुतरांचं खुराडं केलंय का?" असे विचारतात. दर वेळी तोंडी सांगून माझा घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते.

याची सुरुवात आमच्या घरी झाली. पुणे शहर आता आमच्या शिवेला लागले आहे. २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे पुणे महानगरपालिकेत गेली. आजूबाजूला जिकडेतिकडे जुनी घरे पडत आहेत आणि इमारती उठत आहेत. दिवाळीनंतर आमचेही जुने घर पाडले. त्याच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, चांगल्या हातभर जाड. उगवतीकडच्या भिंतीला पेन्सिल जाईल एवढी पुष्कळ भोके होती. आजी सगळे घर सारवायची, पण तेवढा तुकडा सोडून द्यायची. विचारले तर म्हणायची, "तिथं बिऱ्हाडं हायेत."

बिऱ्हाडे म्हणजे माश्या. मधमाशीएवढ्याच, पण पोटावर निळसर चमकणारे पट्टे. अंगणातल्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर त्या सारख्या यायच्या. भिंत पाडली त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या जिथे भिंत होती त्या मोकळ्या जागेत घिरट्या घालत होत्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. आजी ओट्याच्या दगडावर बसून बघत होती. म्हणाली, "आपल्याला चार म्हैने आदी सांगितलं. त्यास्नी कोन सांगनार?" मला काही बोलता आले नाही. मी त्या भिंतीचे तीन मोठे ढेपे पोत्यात घालून ठेवले. कशासाठी ते मलाही माहीत नव्हते.

गुरुजींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "परदेशात लोक बागेत किड्यांसाठी हॉटेल बांधतात. आपण का नाही बांधायचं?" वर्गात सगळे हसले. हॉटेल म्हणजे वडा आणि मिसळ, तिथे किडे निघाले तर भांडण होते! शेवटी भाडेकरू ठेवायचेत तर वाडाच म्हणू, असे ठरले.

बांधण्याआधी गुरुजी आम्हाला गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत घेऊन गेले. ही संस्था १९६२ साली सुरू झाली. तिथे आम्ही सातेरी मधमाश्यांच्या पेट्या पाहिल्या. आग्या मोहोळ तर आपण सगळ्यांनी लांबूनच पाहिलेले आहे. मला वाटत होते की माशी म्हटली की पोळे, राणी आणि मध असणारच. पण तसे नाही. जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकट्या राहतात. एकटीच भोक शोधते, त्यात परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते, खोली बंद करते, की पुढची खोली. आमच्या भिंतीतल्या माश्या त्यातल्याच. एका भोकात एकच माशी, पण शेजार पुष्कळ. आजी बिऱ्हाड म्हणायची ते अगदी बरोबर होते.

आता परसबागेला त्यांचा काय उपयोग, असे तुम्ही विचाराल. आपल्या दुपारच्या खिचडीत वांगी आणि टोमॅटो याच बागेतले पडतात. वांग्याच्या फुलातला पराग केसराच्या टोकाच्या बारीक भोकातून बाहेर येतो, मिठाच्या डबीतून मीठ यावे तसा. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. निळ्या पट्ट्यांची माशी आणि मोठा काळा भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतात, मग पराग झडतो. पोळ्यातल्या मधमाशीला ही युक्ती जमत नाही. वारा थोडे काम करतो, पण माशीसारखे नाही. फुलावर बसल्यावर तिचा आवाज एकदम बदलतो, तो नीट ऐका.

मग वाडा बांधला. मार्केट यार्डातून फळांच्या तीन रिकाम्या लाकडी पेट्या मिळाल्या, त्या एकीवर एक ठोकल्या. मांडववाल्या काकांनी बांबूचे तुकडे दिले. बांबू असा कापायचा की एका टोकाला गाठ राहील, म्हणजे मागची भिंत आपोआप होते. भोक पेन्सिलीच्या शिसाहून थोडे मोठे ते करंगळीएवढे, आणि खोली वीतभर. तोंडाला पॉलिश पेपर मारला, नाहीतर कुसळाने पंख फाटतात. एरंडाची वाळलेली खोडे आतून पोकळ असतात, तीही भरली. कोणीतरी पपईचे देठ आणले, पण वाळल्यावर ते चिंबतात म्हणून गुरुजी नको म्हणाले. खालच्या पेटीत कौलांचे तुकडे, करवंट्या आणि पाचोळा. मधल्या पेटीत आजीच्या भिंतीचे ढेपे.

तोंड कुठे करायचे यावर बराच वाद झाला. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि झड घेऊन येतो, म्हणून तोंड पूर्वेला केले. सकाळचे ऊनही मिळते. मुंग्यांसाठी चार पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. ही कल्पना आजीची, तिच्या दुधाच्या कपाटाला अशाच वाट्या होत्या.

एवढे झाल्यावर तक्रार आली. पहिलीतल्या एका मुलाचे वडील सभेत म्हणाले, "शाळेत गांधीलमाश्या पाळता का? उद्या पोराला चावली तर?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. टांगलेले घर करणाऱ्या गांधीलमाश्या घर राखायला खरेच अंगावर येतात. गुरुजींनी सांगितले की एकट्या राहणाऱ्या माश्या तशा येत नाहीत, मात्र हातात दाबली तर मादी डंख मारू शकते. मग असे ठरले की वाडा वर्गापासून लांब, बागेच्या मागच्या कडेला हलवायचा, पुढे दोरी बांधायची, भोकात बोट किंवा काडी घालायची नाही, आणि टांगलेले घर दिसले तर लगेच मोठ्यांना सांगायचे. ते काका स्वतः दोरी बांधायला आले होते. मला ते आवडले.

दीड महिना कोणी फिरकले नाही. खाली गोम आणि सरडा तेवढे आले. पोरे मला "घरमालकीण" म्हणून चिडवू लागली. मग शिमग्याच्या आठवड्यात एका बांबूतून हिरवे काहीतरी डोकावताना दिसले. ती पानकापी माशी होती! गुलाबाच्या पानाचे गोल तुकडे कातरून नेत होती आणि त्यांनी खोलीला अस्तर लावत होती. या माश्या आतल्या खोल्यांत मुलींची अंडी घालतात आणि दाराजवळ मुलांची, कारण मुलगे आधी बाहेर पडतात. आता असे तीन बांबू बंद झाले आहेत.

दुसरे बिऱ्हाड कुंभारणीचे. तिने करवंटीला मातीचे इवलेसे मडके चिकटवले. आजी तिला भिंगुरटी म्हणते. कीर्तनात सांगतात ना, भिंगुरटी अळीला कोंडते, बाहेरून गुणगुणते आणि तिच्या ध्यासाने अळीची भिंगुरटी होते. संतांनीही हा दाखला दिला आहे. आमच्या वाड्यातले एक मडके गळून फुटले, तेव्हा आत चार हिरव्या अळ्या होत्या, अर्धवट जिवंत, आणि त्यांना खात असलेली एक पांढरट अळी. गुरुजी म्हणाले की कुंभारीण अळ्यांना डंख मारून लुळ्या करते आणि मडक्यात अंडे घालते, पिल्लाची शिदोरी म्हणून. घरी येऊन मी आजीला सगळे सांगितले. तिला वाईट वाटेल असे वाटले होते. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हंजी अळीची भिंगुरटी व्हतीच की. पोटातनं व्हती, येवढंच."

आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या? वांगी जास्त लागली असे मी म्हणणार नाही, अजून कळायचे आहे. पण मागच्या मंगळवारी आजीच्या एका ढेपेखाली ताजी, बारीक माती पडलेली होती, आणि वर एक नवे भोक. आजीला दाखवायला आणले. तिला नीट दिसत नाही, म्हणून तिने करंगळी त्याच्याजवळ नेली. आत नाही घातली, दोरीचा नियम तिलाही सांगितला होता.

मे महिन्यात शाळा बंद, आणि आम्ही सातवीचे तर कायमचे जाणार. उन्हात वाट्यांतले पाणी दोन दिवसांत आटते. पाणी घालायला कोण येणार त्याची यादी फळ्याशेजारी लावली आहे. गुरुवार आणि रविवार अजून रिकामे आहेत.