परळचा तो रस्ता

कोल्हापूरहून रात्री निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी दादरला थांबते, तेव्हा उतरणाऱ्यांपैकी काही प्रवासी चटकन ओळखू येतात. बॅगेपेक्षाही जपून धरलेली एक प्लास्टिकची फाईल त्यांच्या हाती असते. सांगलीकडचे ते साठीतले पती-पत्नी अशांपैकीच. फाईल पतीकडे होती. छातीतल्या गाठीसाठी ‘मोठ्या डॉक्टरांना’ दाखवायचे आहे, एवढेच पत्नीला सांगितलेले होते.

टॅक्सी हिंदमातावरून परळकडे निघाली. चालकाने सहज विचारले, “टाटाला ना?” आणि महिनाभर साऱ्या घराने सांभाळलेले गुपित एका शब्दात उघडे पडले. ‘टाटाला नेले’ म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ती काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, “गाठीचा तुकडा काढला, त्याच दिवशी मला कळलं होतं. तुम्हाला सांगवत नव्हतं, म्हणून मीही गप्प राहिले.”

आपल्याकडे हे लपविणे प्रेमापोटीच होते. पण त्यामुळे दोघांनाही आपापल्या भीतीसह एकटे बसावे लागते.

ज्या दाराशी ते उतरले, त्याच्यामागेही एका दांपत्याची कथा आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये निवर्तल्या. पैसा, ओळखी, परदेशातील वैद्य, सारे हाताशी असलेले सर दोराबजी वर्षभरातच त्यांच्यामागून गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने उभारलेले हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. समोरच्या रस्त्याला येथील नामवंत शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. त्याच्या पदपथावर बिहार-बंगालपासून आलेली कुटुंबे चटया अंथरून आपल्या पाळीची वाट पाहतात.

पहिले दिवस रांगांचेच. नोंदणी, रक्ततपासणी, गावाहून आणलेल्या काचपट्ट्यांची फेरतपासणी, औषध हृदयाला सोसेल की नाही हे पाहण्यासाठी इको. घरातल्या दुधाचा रतीब किती, हेही ठाऊक नसलेल्या त्या गृहस्थाने एक वही केली: कोणता कागद कोणत्या खिडकीवर, कोणती गोळी जेवणाआधी. संमतीपत्रावर मात्र सही तिचीच लागली. तिने ते सावकाश, शेवटपर्यंत वाचले.

पहिल्या केमोथेरपीचे औषध लालभडक होते. लघवीला एक-दोन दिवस तांबूस रंग येईल, घाबरू नका, असे परिचारिकेने आधीच बजावले. दुसरी फेरी २१ दिवसांनी. मध्यंतरी ताप १००.४ अंशांवर गेला तर रात्र असली तरी थांबायचे नाही. कच्चे खायचे नाही. पाणी उकळून प्यायचे. शेवटच्या सूचनेवर ती प्रथमच हसली. उकळलेल्या पाण्याचा नियम तिने लग्नाआधीपासून पाळला होता.

मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होता. संध्याकाळी त्याने मुगाची खिचडी केली. मीठ दोनदा पडले. तिला दोन घासांपलीकडे जाईना, ते मिठामुळे की मळमळीमुळे, हे तिने सांगितले नाही. झोपण्यापूर्वी त्याने थर्मामीटर लावला. आकडा वहीत लिहू लागला, तेव्हा चष्मा सापडेना. तिने वही ओढून घेतली आणि आपल्या हाताने लिहिले: ९८.४.