घरच्या माणसाचा पुतळा

तुमच्या घरात कुणाचा पुतळा आहे का हो? देव्हाऱ्यातला बाळकृष्ण सोडा, शोकेसमधली राजस्थानी बाहुली सोडा, टीव्हीवरची शिवाजी महाराजांची छोटी मूर्तीही सोडा. घरच्या माणसाचा म्हणतेय मी. आजीचा, आत्याचा, दारावर कोळंबी घेऊन येणाऱ्या मावशीचा. नसणारच. आपल्याकडे पुतळा करायचा तो देवाचा, नाहीतर थोर पुरुषाचा, आणि तोही ते गेल्यावर. जित्या माणसाचा, त्यातून घरात बसलेल्या म्हाताऱ्या बाईचा पुतळा म्हटलं, की पहिला शब्द तोंडात येतो तो 'अशुभ'.

हा शब्द माझ्या घरात नुकताच चांगला दणकून ऐकू आला. त्याची हकीकत सांगते, पण आधी थोडं माहेरचं ऐकून घ्या.

माझं माहेर पेणजवळ, हमरापूरच्या बाजूला. तिकडे गणपतीचे कारखाने घराघरात. साच्यातून मूर्ती निघाली की तिच्या अंगावर जोडाची शीव राहते, ती घासायची, पॉलिश पेपर मारायचा, पीतांबराला पिवळा लावायचा, उंदीर रंगवायचे, ही आम्हा मुलींची कामं. डोळ्यांची आखणी मात्र आमच्याकडे पुरुषांच्या हातची. वडील आखणीला बसले की घरात भांडंसुद्धा वाजवायची बंदी. एक केसाएवढी रेघ चुकली तर देवाची नजर फिरते, असं ते म्हणायचे. मी दारात उभी राहून बघायची. आता तिकडच्या मुली सर्रास आखणी करतात, माझी भाची तर भराभर करते. माझ्या वेळी नव्हतं एवढंच. मग १९८६ साली लग्न होऊन मी वाशीला सिडकोच्या दोन खोल्यांत आले. मातीशी संबंध उरला तो गॅलरीतल्या तुळशीपुरता.

दोन वर्षांपूर्वी अलिबागला एका लग्नाला गेलो होतो. परतताना आमच्या ह्यांनी गाडी रेवस-मांडव्याच्या रस्त्याला घातली. म्हणाले, सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय आहे, पाहून जाऊ. मी मनात म्हटलं, पुतळे काय बघायचे! पण एकदा आत शिरले ती दीड तास बाहेर येईना. अहो, घर आहे ते. कोकणातलं घर असावं तसं, आणि त्यात शे-दीडशे शिल्पं. अंगणात सिमेंटची म्हैस. होय, सिमेंटची. आपण न्हाणीघराच्या लादीला वापरतो तेच सिमेंट, पण त्याला दगडाची कळा आणलेली. आणि आत सगळी माणसं. पुढारी आहेत, मोठमोठे लोक आहेत, पण त्यांच्याच शेजारी कोळ्याची पोर आहे, गावातली साधी माणसं आहेत. एकेका चेहऱ्यासमोर वाटायचं, अरे, हिला तर आपण ओळखतो!

विनायक पांडुरंग करमरकर, सगळे त्यांना नानासाहेब म्हणत. जन्म २ ऑक्टोबर १८९१ चा, सासवण्याचाच. घरी गणपती करायची रीत होती असं सांगतात, म्हणजे एका अर्थी आमच्यातलेच. पोरवयात त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज काढले. तेव्हा ह्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर होते ऑटो रॉथफील्ड. साहेबाने ती भिंत पाहिली, मुलाची चौकशी केली आणि मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायची त्याची सोय लावून दिली. पुढे नानासाहेबांनी कलकत्त्याला स्टुडिओ थाटला, १९२० मध्ये विलायतेला जाऊन आणखी शिकून आले. पुण्याला शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मनातलं ते स्मारक. १९२१ साली पायाभरणी झाली, पुढच्याच वर्षी शाहू महाराज गेले, आणि पुतळ्याचं अनावरण झालं १९२८ मध्ये. साडेतेरा फूट उंच, आणि एकसंध ओतलेला. १९६४ साली नानासाहेबांना पद्मश्री मिळाली, १९६७ मध्ये ते गेले.

आता तुम्हीच सांगा, साहेब त्या दिवशी दुसऱ्या वाटेने गेला असता तर? किंवा ती भिंत गावातल्या एखाद्या मुलीने रंगवली असती तर? तिला भिंत धुवायला लावली असती, दुसरं काय!

आणखी एक गोष्ट मला तिथे कळली, ती कुठल्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेली नसते. नानासाहेबांच्या माघारी हे सगळं सांभाळलं त्यांच्या सूनबाईंनी. आल्यागेल्याला हौसेने दाखवलं, समजावून सांगितलं, धूळ झटकली. कोकणातल्या पावसात प्लास्टरच्या वस्तू टिकवणं म्हणजे काय, ते भिंतींची पोपडी दर वर्षी खरवडणाऱ्या बाईला विचारा.

घरी आल्यावर मी वाचायला घेतलं, मिळेल ते. गणपतराव म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' तुम्ही फोटोत पाहिली असेल. देवळाला निघालेली, नऊवारी नेसलेली तरुणी. १८९६ साली केली त्यांनी, वयाच्या विशीत, जे. जे. मध्ये शिकत असताना. रवींद्रनाथ ठाकुरांनीसुद्धा तिच्यावर लेख लिहिला. लुगड्याच्या चुण्या बघाव्यात तर तिच्याच. पण मला विचाराल तर ती फार देखणी आहे हो, आपल्यातली वाटत नाही. सासवण्याची कोळ्याची पोर वाटते. कलकत्त्याच्या मीरा मुखर्जींचं काम मला त्याहून जवळचं. १९२३ ते १९९८ ह्या काळातल्या त्या. परदेशात शिकून आल्या आणि मग बस्तरच्या कारागिरांजवळ बसून मेण आणि पितळेचं ओतकाम शिकल्या. त्यांच्या शिल्पांत जाळी विणणारे, नाव वल्हवणारे, काम करणारी माणसं असतात. रंगचित्रात पाहायचं तर आपल्या ठाण्याचे सुधीर पटवर्धन आहेत. पूर्वी व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर होते, पण लोकलच्या डब्यातली माणसं, इराण्याच्या हॉटेलात चहा पीत बसलेला माणूस, कारखान्याच्या वस्तीतली माणसं अशी रंगवली आहेत, की बघताना आपणच त्या गर्दीत उभे आहोत असं वाटावं. दिवसभर माणसांची हाडं तपासणाऱ्याला चेहरा वाचता येणारच म्हणा.

इथे आमच्या नव्या मुंबईत पाहा. १९७० साली सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या, खाडीवर भराव पडले. आज चौकाचौकांत फ्लेमिंगो उभे आहेत, छानच दिसतात. पण दिवाळ्याच्या, सारसोळ्याच्या ज्या कोळणींच्या खाडीवर हे शहर उभं राहिलं, त्यांच्यातल्या एकीचा चेहरा चौकात माझ्या तरी पाहण्यात नाही.

असो. तर डोक्यात किडा शिरला. पेणहून भाचीकडून शाडूची दोन पोती मागवली. पाटाला मध्ये लोखंडी सळी ठोकून घेतली, तिला सुतळीने लाकडाचे तुकडे टांगले. हे कशासाठी, तर ओली माती जड असते, आत आधार नसला तर मान खाली बसते. रोजचं काम झालं की वरून ओलं फडकं आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी, नाहीतर शाडूला तडे जातात. एवढी तयारी झाली, पण समोर बसायचं कुणी? ह्यांना पाच मिनिटं एका जागी बसवत नाही. राहता राहिल्या सासूबाई.

वय वर्षं शहाऐंशी. गुडघे गेलेत, डोकं शाबूत. आमचं नातं कसं म्हणाल, तर चाळीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आहेत, त्यात सगळं आलं. तोंड फटकळ. माझ्या पहिल्या पुरणपोळीला त्या काय म्हणाल्या होत्या ते मी अजून विसरले नाही. मी भीत भीत विचारलं, "आई, तुमचा चेहरा करू का मातीत?"

"मेल्यावर कर," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "फुकट बसायचंय ना? बसते."

फोनवर नणंदबाईंना कळलं मात्र! "वहिनी, काहीतरीच काय! जित्या माणसाचा पुतळा करतात का कुणी? अशुभ असतं ते." सासूबाईंनी फोन मागून घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "शहाऐंशीव्या वर्षी आणखी काय अशुभ व्हायचंय मला?"

अकरा ते बारा, स्वयंपाक आवरल्यावर, रोज एक तास. मैत्रिणींनो, तुम्ही तुमच्या सासूबाईंकडे सलग एक तास कधी बघितलंय? आपण बोलताना बघतो, ताट वाढताना बघतो, रागावलो तर मुळीच बघत नाही. नुसतं बघणं वेगळंच असतं. पहिल्या दिवशी कळलं की त्यांचा एक कान दुसऱ्यापेक्षा खाली आहे, वर्षानुवर्षं जड कुड्या घालून. तिसऱ्या दिवशी कळलं की ओठ सतत आवळलेले राहतात, आणि गप्प बसल्या, विसरल्या, की ते सुटतात. मग वेगळीच बाई दिसते. ते सुटलेले ओठ पकडायला मला आठ दिवस लागले. गाल, कपाळ, सुरकुत्या सोप्या. माती ओली असताना सुरकुती काढायची नसते, थोडी आवळली की काढायची, हे वडिलांकडे सोंडेच्या वळ्या बघून ठाऊक होतंच.

दहाव्या-अकराव्या दिवशी डाव्या भुवईपाशी आले. तिथे त्यांना एक खूण आहे, बोटाच्या पेराएवढी. घरात सगळ्यांना माहीत आहे की त्या लहानपणी विहिरीच्या काठावर पडल्या होत्या. मी सहज म्हटलं, "विहीर केवढी खोल होती हो?"

"विहीर कसली. तांब्या होता."

हात थांबवला नाही मी. थांबवला असता तर त्या बोलायच्या थांबल्या असत्या. लग्नाला सहा महिने झाले होते, दूध उतू गेलं होतं. त्यांच्या सासूबाईंनी भरलेला पितळी तांब्या फेकला. रक्त थांबेना, तेव्हा हळद भरली, आणि वैद्याला सांगितलं, पोर विहिरीवर पडली. तेच पुढे सगळ्यांना सांगितलं गेलं. माहेरीसुद्धा. नवऱ्यालासुद्धा.

"तुमच्या मुलीला?" मी विचारलं.

"तिला कशाला? तिची लाडकी आजी होती ती."

मग पुष्कळ वेळ दोघी गप्प होतो. कुकरची शिटी झाली, तेव्हा त्याच म्हणाल्या, "जा, गॅस बंद कर." माझ्या ध्यानात आलं, की ह्या बाईने मला चाळीस वर्षं टोचून बोलून घेतलं, पण हात कधी उगारला नाही. एकदाही नाही. मी ते कधी मोजलंच नव्हतं.

ती खूण मातीत उमटवायची की नाही, हा माझ्यापुढे प्रश्न. न उमटवावी तर चेहरा त्यांचा राहत नाही. उमटवावी तर घरात येणारा प्रत्येक जण विहिरीची गोष्ट सांगणार. मी त्यांनाच विचारलं. चष्मा लावून त्यांनी मातीचा चेहरा बराच वेळ पाहिला, आणि बोट भुवईपाशी नेलं.

"काढ. पण जरा वर घे, खाली घेतलीस."

मी वर घेतली. आता माती आवळली आहे. पुढच्या आठवड्यात भाची येऊन प्लास्टरचा साचा काढायला मदत करणार, मग पांढऱ्या सिमेंटमध्ये ओतायचं ठरलंय. ओतल्यावर सात-आठ दिवस पाणी मारत राहावं लागेल, गॅलरीत कपडे वाळत घालायची पंचाईत होणार. नणंदबाई दिवाळीला येणार आहेत. खुणेबद्दल त्यांनी विचारलं तर काय सांगायचं, ते सासूबाई अजून बोललेल्या नाहीत. परवा फक्त एवढं म्हणाल्या, की ती येईल तेव्हा पुतळ्यावर फडकं टाकून ठेवू नकोस.