धुळे पासिंगची गाडी

जळगाव ते धुळे हा रस्ता नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचा. जुनी माणसं अजून त्याला ‘सहा नंबर’ म्हणतात. आता त्याचा क्रमांक ५३ झाला आहे. सुरतेकडून येऊन नागपूरकडे जाणाऱ्या या महामार्गावर केळीचे, कापसाचे आणि डाळींचे ट्रक रात्रंदिवस धावतात. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी नाना आणि मी याच रस्त्याने धुळ्याला निघालो. जाताना एसटी आणि येताना स्वतःची गाडी, असा बेत होता. म्हणून घरातलं हेल्मेट मी मांडीवरच घेऊन बसलो होतो.

नाना आमच्या गल्लीतले मेकॅनिक. आरएक्स हंड्रेड नवी होती तेव्हापासून त्यांच्या हातात पाना आहे. मी एका दालमिलमध्ये हिशेब लिहितो. गाडीसाठी माझ्याकडे सत्तर हजार रुपये जमले होते आणि घ्यायची होती यामाहाची आर वन फाइव्ह. नवी घेतली तर रक्कम दोन लाखांच्या घरात जाते. तेवढं कर्ज काढायचं नाही, हे घरी आणि मनाशी पक्कं झालं होतं.

ही गाडी २००८ साली भारतात आली तेव्हा मी शाळेत होतो. त्याआधी २००३ ची करिझ्मा होती, पल्सरचा बोलबाला होता. पण पाण्याने थंड होणारं दीडशे सीसीचं इंजिन, चार व्हॉल्व्ह, सहा गिअर आणि रेसच्या गाड्यांसारखी डेल्टाबॉक्स चेसी हे सगळं मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळ पहिल्यांदा हिने आणलं. २०११ मध्ये दुसरी आवृत्ती आली. तिला मागे १३० चा रुंद टायर आणि ॲल्युमिनियमचा स्विंगआर्म मिळाला. वजन १३६ किलो, ताकद १७ पीएस. आकडे मोठे नाहीत. पण वळणावर ही गाडी ज्या विश्वासाने झुकते, तो विश्वास या आकड्यांत मावत नाही. खान्देशातल्या कितीतरी पोरांनी कॉलेजच्या गेटवर उभं राहून हिला डोळे भरून पाहिलं आहे. त्या हौसेला कोणी उडाणटप्पूपणा म्हटलं की मला वाईट वाटतं. कष्टाच्या पैशातून, हिशेब करून पुरी केलेली हौस ही चांगलीच गोष्ट आहे.

आधी आम्ही जळगावातच शोधलं. जुन्या गाड्यांच्या दुकानांत रांगेने उभ्या गाड्या चकचकत होत्या. कुठे नवे स्टिकर, कुठे पॉलिश मारलेली टाकी, कुठे गल्ली हादरवणारा सायलेन्सर. नाना मात्र पाहायचे ते क्लचच्या लिव्हरचं टोक, हँडलची दोन्ही टोकं आणि पाय ठेवायच्या फूटरेस्टची कड. गाडी पडली की या जागा आधी घासतात, आणि रंग देणाऱ्याचं लक्ष तिथे सहसा जात नाही. एका गाडीचे किलोमीटर कमी आणि फूटरेस्टचं रबर पार गुळगुळीत. “मीटर मागे फिरवता येतं भो, रबर नाही,” नाना म्हणाले आणि पुढे निघाले. मग ओळखीतून धुळ्याच्या देवपुरातली एक गाडी कळली. २०१४ ची, पहिलाच मालक, मागणी बासष्ट हजार.

एसटी शहराबाहेर पडली की बांभोरीला गिरणेचा पूल लागतो. नदीकाठी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. १५ ऑगस्ट १९९० ला ते सुरू झालं आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांची पदवीसाठी पुण्याकडे पाहण्याची गरज बरीच कमी झाली. पुढे पाळधी, मग एरंडोल. इथून पद्मालयाच्या गणपतीला रस्ता फुटतो. गाडी घेतली की आधी तिथे न्यायची, असं आईने बजावून ठेवलं होतं. पारोळ्यात झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांबे घराण्याची आठवण आजही सांगतात. गावातला भुईकोट किल्ला अठराव्या शतकातला. त्यानंतर मुकटी, फागणे आणि दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेला कापूस. वाटेत नाना माझ्या हिशेबाची वही तपासत होते. सत्तरपैकी पंचावन्नच्या वर गाडीला एक रुपया द्यायचा नाही, पंधरा हजार हात न लावता बाजूला ठेवायचे, असं त्यांनी लिहून घेतलं होतं. टायर, चेनसेट, ब्रेक पॅड, बॅटरी, कूलंट, विमा आणि नाव बदलायचा खर्च यांसाठी ती रक्कम. स्पोर्ट्स गाडीचे सुटे भाग साध्या गाडीच्या दराने मिळत नाहीत. सगळे पैसे गाडीतच घातले, तर महिनाभरात ती दारात उभी राहते.

धुळं हे रस्त्यांच्या फुलीवर वसलेलं शहर. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-नागपूर महामार्ग इथे एकमेकांना छेदतात, म्हणून टायरवाले, वेल्डिंगवाले, स्प्रिंगवाले यांची इथे कधीच वाण नव्हती. बाजाराच्या मुख्य रस्त्याचं नावच आग्रा रोड. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्ज यांनी आखलेल्या सरळ गल्ल्या अजून नंबरांनीच ओळखल्या जातात. याच शहराच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी अखेरचा श्वास इथेच घेतला आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथेच उभं राहिलं. वेळ असता तर मंडळात जुनी कागदपत्रं पाहिली असती. आमच्या वाट्याला त्या दिवशी आले ते गाडीचे कागद.

पांझरा ओलांडून देवपुरात पोहोचलो. निवृत्त झालेले एक आप्पा ओट्यावर वाट पाहत होते. “कथाईन उनात भो, जळगाववरीन?” म्हणत त्यांनी चहा सांगितला. गाडी पार्किंगमध्ये कापडाखाली झाकलेली. मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि गाडी इथेच राहिली. आप्पांनी लगेच सांगून टाकलं, “गाडी पोऱ्याना नाववर शे. सही त्यानीच लागी.” या एका वाक्याने माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मुलगा आज सुट्टीवर आलेला होता; नानांनी मुद्दाम हाच रविवार ठरवला होता. आरसी ज्याच्या नावावर, विकणारा तोच. बापाची, भावाची, मित्राची सही चालत नाही.

नानांनी आधी इंजिनला हात लावला. ते थंड होतं. “येण्याआधी चालू करू नका” असा निरोप त्यांनी फोनवर दिला होता, कारण गरम इंजिन आपले आजार लपवतं. सेल्फ मारताच गाडी सुरू झाली. निळा धूर नाही, टायमिंग चेनची खडखड नाही. या गाडीत ही तपासणी फार महत्त्वाची आहे. साध्या गाडीचं इंजिन उतरलं तर बोअर मारून, मोठं पिस्टन टाकून कमी पैशात भागतं. आर वन फाइव्हचा सिलिंडर डायसिल नावाच्या खास ॲल्युमिनियम मिश्रधातूचा आहे. त्याला बोअर मारता येत नाही, अख्खा बदलावा लागतो. स्वस्तात मिळालेली धूर सोडणारी गाडी इथेच महाग पडते.

मग गाडी जागेवरच चालू ठेवली. रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत नाना हलले नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. पंखा बंद असलेली गाडी उन्हाळ्यात भररस्त्यात दगा देणार. पंखा फिरला. कूलंट मात्र गढूळ झालं होतं. बदलायच्या यादीत गेलं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या टायरवर ३२१७ होतं, म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर दगडासारखं कडक झालेलं. टायर यादीत. चेनच्या चक्राचे दात टोकदार झालेले, म्हणून चेनसेट यादीत. उभ्या गाडीची बॅटरीही यादीत, कारण फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पुरती बसली की धक्का मारूनही काम होत नाही. पुढच्या शॉकअपला तेलाचा ओघळ नव्हता, कोनसेट मोकळा होता, डूमचे स्क्रू मूळचे होते आणि चेसी सरळ होती. चेसीवर कोरलेला नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळले.

मुलाला मागे बसवून मी लळिंगच्या दिशेने एक फेरी मारली. गिअर सहज पडत होते, हँडल सोडवत नव्हतं, पुढचा ब्रेक थोडा बसका होता. या आवृत्तीला एबीएस नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते बंधनकारक झालं १ एप्रिल २०१९ पासून. तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्याने पुढचा ब्रेक हलक्या हाताने, वाढवत नेत दाबायची सवय लावून घ्यायला हवी. वेग दाखवण्याआधी थांबणं शिकावं.

परत आल्यावर भाव झाला. नानांनी यादी आप्पांसमोर ठेवली आणि प्रत्येक वस्तूची किंमत शेजारी लिहिली. गाडीला नावं ठेवली नाहीत. आप्पांनी यादी दोनदा वाचली, मुलाकडे पाहिलं आणि चोपन्नला हो म्हटलं. ज्याने गाडी जपली आहे, त्याच्यासमोर खरा खर्च मांडला की भाव आपोआप खाली येतो. ओरडून येत नाही.

कागदांना आम्ही गाडीइतकाच वेळ दिला. एमपरिवहन ॲपवर मालकाचं नाव, विम्याची मुदत, पीयूसी आणि बोजा पाहिला. गाडी कर्जावर घेतलेली होती, कर्ज फिटलं होतं आणि फॉर्म ३५ देऊन बँकेचं नाव आरसीवरून उतरवलेलंही होतं. ई-चलान थकलेलं नव्हतं. फॉर्म २९ आणि ३० वर मुलाने आमच्यासमोर सह्या केल्या. विक्रीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहिली, कारण त्या मिनिटापासून गाडी माझ्या ताब्यात. पैसे खात्यातून खात्यात गेले.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे एकाच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा आपल्या नावावर करून घ्यायलाही १४ दिवसांचीच मुदत आहे. बरेच जण वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावाची गाडी फिरवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. म्हणजे नाव न बदलणं हा विकणाऱ्यावरही अन्याय आहे. मी आप्पांना शब्द दिला आणि त्याच आठवड्यात अर्ज केला.

नाना एसटीने परतले. “साठच्या वर जाऊ नको, टायर जुना आहे,” एवढंच सांगून. मी दुपारच्या उन्हात फागण्याकडे वळलो. चौपदरी रस्ता, समोर मोकळं आकाश, टाकीवर झुकलेलं अंग. सहाव्या गिअरमध्ये इंजिन हलकं गुणगुणत होतं. ज्या रस्त्यावर लहानपणी एसटीच्या खिडकीतून या गाड्या पुढे जाताना पाहिल्या, त्याच रस्त्यावर आज मी होतो, आणि कोणाचं एक रुपया देणं नव्हतं. हा आनंद मी शब्दांत कमी करणार नाही. पारोळ्याच्या अलीकडे धाब्यावर थांबून शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली. दोन कॉलेजची पोरं गाडीभोवती फिरून गेली. एकाने विचारलं, “दादा, कितीला पडली?” मी चोपन्न हजार सांगितलं, आणि बाजूला ठेवलेले पंधराही सांगितले. एरंडोलनंतर ऊन उतरलं आणि दिवेलागणीला गिरणेचा पूल ओलांडून मी जळगावात शिरलो.

पुढच्या आठवड्यात नानांच्या गॅरेजवर मागचा टायर, चेनसेट, ब्रेक पॅड, बॅटरी आणि कूलंट बदललं. बाजूच्या पंधरातले जवळजवळ सगळे लागले. आईची पद्मालयाची फेरीही झाली.

तुमच्या घरात कोणी अशी गाडी मागत असेल, तर त्याला उडवून लावू नका. त्याच्याबरोबर बसून वहीत दोन रकाने आखा, एक गाडीचा आणि एक गाडी घेतल्यानंतरचा. दुसरा रकाना रिकामा असेल तर आणखी काही महिने थांबायला सांगा. भरलेला असेल तर जाणत्या मेकॅनिकला सोबत घ्या, थंड इंजिनची गाडी पाहा, आरसीवरच्या माणसाचीच सही घ्या आणि महिन्याच्या आत नाव बदला. कमी पैशात चांगली गाडी मिळते. ती शोधायला पैशांपेक्षा धीर जास्त लागतो. आणि हेल्मेट मात्र जुनं घेऊ नका, ते नवंच घ्या.